सिग्नल माफ, जबाबदारी नाही

सोलापूर रस्त्यानं पुण्याकडं येणाऱ्या रुग्णवाहिकेला यवत, उरुळी कांचन, लोणी काळभोर इथवर बरा वेग धरता येतो. हडपसरच्या गाडीतळापाशी तो संपतो. पुढं वैदूवाडी, रामटेकडी, फातिमानगर, भैरोबानाला असे एकामागून एक चौक लागतात. संपादकांनी यंदाच्या अंकासाठी 'वेळ' हा विषय कळवला, तेव्हा हाच रस्ता डोळ्यांपुढं आला. एका धर्मादाय संस्थेच्या रुग्णवाहिकेत, रुग्णाच्या मुलाची परवानगी घेऊन, चालकाशेजारच्या सीटवर बसले. मागं दौंडकडचे साठीतले एक गृहस्थ होते. छातीत कळ आलेली, तालुक्याच्या गावात पहिले उपचार झालेले, पुढच्या तपासणीसाठी शहरात न्यायचे.

गाडीतळ ओलांडल्यावर पहिला लाल सिग्नल लागला. भोंगा वाजवत आपण सुसाट निघून जाऊ, असं मी धरून चालले होते. चालकानं उलट ब्रेक दाबला. गाडी माणूस चालतो तेवढ्या वेगावर आली. एका बोटानं त्यांनी भोंग्याचा सूर बदलला. लांब हेल काढणारा आवाज आखूड, घाईचा झाला. आधी उजवीकडं पाहिलं, मग डावीकडं, मग पुन्हा उजवीकडं. आडव्या रस्त्यावरून येणारी पीएमपीची बस थांबली, पण तिच्या पोटाखालून निघावी तशी एक स्कूटर पुढं आली. तिला जाऊ दिलं आणि मग चौक पार केला.

"सिग्नल तोडायची परवानगी आहे मॅडम, ठोकायची नाही," ते रस्त्यावरची नजर न हलवता म्हणाले.

रुग्णवाहिकांच्या कायद्याबद्दल पुढं जे जे वाचलं, ते या वाक्यापलीकडं फारसं गेलं नाही. पण त्या वाक्याचं ओझं कुणाच्या खांद्यावर आहे, ते बघायला बरंच फिरावं लागलं.

कायदा नेमकं काय सोडतो

आपल्याकडं रस्त्यावर कसं वागायचं याचे विनियम केंद्र सरकार करतं. तो अधिकार मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 118 मधून येतो. 1989 साली झालेल्या विनियमांत आपत्कालीन वाहनांविषयी एकच छोटं कलम होतं: अग्निशमनाचं वाहन किंवा रुग्णवाहिका आली, की प्रत्येक चालकानं कडेला होऊन वाट द्यावी. रुग्णवाहिकेच्या चालकानं स्वतः काय करावं, यावर त्या कलमात अक्षर नव्हतं. तो सिग्नल तोडायचा, पोलीस सोडून द्यायचे. जवळजवळ तीन दशकं हा व्यवहार समजुतीवर चालला.

जून 2017 मध्ये नवे विनियम आले आणि ही समजूत प्रथमच कागदावर उतरली. तातडीच्या कामावर असलेल्या वाहनाला लाल दिवा ओलांडता येतो, वेगमर्यादा ओलांडता येते, रस्त्याच्या कडेच्या पट्ट्यावरून किंवा एकेरी रस्त्यावर उलट दिशेनंही जाता येतं. पण या सवलतींना अटी आहेत. दिवा आणि भोंगा चालू असला पाहिजे. काम खरोखर तातडीचं हवं: माणसाचा जीव वाचवणं, आरोग्याची गंभीर हानी टाळणं, आग रोखणं, पाणी-विजेसारखी अत्यावश्यक सेवा कोलमडू न देणं. आणि हे सगळं पुरेशी काळजी व सावधगिरी बाळगूनच करायचं. ही शेवटची अट वाचताना सहज नजरेतून निसटते, पण बाकीच्या सगळ्या सवलती तिच्यावरच उभ्या आहेत.

अनेक आपत्कालीन वाहनं एकत्र आली तर आधी कोण, तेही या विनियमांत ठरवलं आहे. पहिला मान अग्निशमन दलाचा, मग रुग्णवाहिकेचा, मग पोलिसांचा, त्यानंतर अत्यावश्यक सेवांच्या दुरुस्तीसाठी नेमलेल्या वाहनांचा. रुग्णवाहिका दुसरी कशी, असं अनेकांना वाटतं. रुग्णवाहिकेत बहुधा एक जीव असतो; आग विझायला उशीर झाला तर किती जीव अडकतील, ते बंब निघताना कुणालाच सांगता येत नाही. त्यामुळं मला हा क्रम योग्य वाटतो.

दुसरी बाजू आपली, म्हणजे बाकीच्या वाहनचालकांची. 2019 च्या दुरुस्तीनं कायद्यात कलम 194-ई आलं आणि त्या वर्षीच्या 1 सप्टेंबरपासून लागू झालं. अग्निशमनाचं वाहन, रुग्णवाहिका किंवा राज्य सरकारनं ठरवलेलं अन्य आपत्कालीन वाहन जवळ येत असताना जो कडेला होत नाही, त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, 10,000 रुपये दंड किंवा दोन्ही. शिक्षा जबर आहे. पण कडेला व्हायचं म्हणजे प्रत्यक्ष काय करायचं, हे आपल्याला शिकवलं कुणी? लायसन्सच्या परीक्षेत एखादा प्रश्न येतो, 'रुग्णवाहिकेला वाट द्यावी' या पर्यायावर खूण करून आपण बाहेर पडतो.

वेळ नेमका कुठं वाचतो

भोंगा लावलेली गाडी पाहिली, की आपल्याला वेग आठवतो. मीही चालकांना आधी वेगाबद्दलच विचारत होते. त्यांनी मला हिशेब मांडायला लावला. शहरातलं दहा किलोमीटरचं अंतर घ्या. मोकळ्या पट्ट्यांत ताशी 45 ऐवजी 60 चा वेग धरला, तर वाचतात साडेतीन मिनिटांहून थोडी कमी. तेवढ्यासाठी खड्डे, गतिरोधक, अचानक उघडणारं रिक्षाचं दार, रस्ता ओलांडणारी शाळकरी मुलं हे सगळं अंगावर घ्यायचं. मागं स्ट्रेचरवरचा माणूस आदळतो, सलाईनची सुई हलते आणि डॉक्टरांना छातीवर दाब देणं अशक्य होतं, ते निराळंच. याउलट दीड मिनिटाचे चार लाल सिग्नल थांबावं न लागता पार झाले, तर सहा मिनिटं वाचतात. चौकाच्या तोंडाशी गाडी चालण्याच्या वेगावर आणली तर त्यातली जातात प्रत्येकी चार-पाच सेकंद.

म्हणजे कायद्यानं दिलेल्या सवलतींपैकी वेगाची सवलत शहरात सर्वांत कमी उपयोगाची आणि सर्वांत धोक्याची. खरी किंमत आहे ती थांबावं न लागण्याची. जाणता चालक चौकात हळू होतो, कारण चौकात धडक बसली तर वाचवलेलं सगळं तिथंच संपतं. रुग्णही पोहोचत नाही, आणि त्याच्यासोबत आणखी एक-दोन जण रुग्ण होतात. ब्रिटनमध्ये आपत्कालीन वाहनानं लाल दिव्याला 'आधी दुसऱ्याला जाऊ द्या' या पाटीसारखं वागवायचं असतं: थांबण्याची सक्ती नाही, पण कुणाच्या जिवाला धोका होईल असं पुढं जायचं नाही. आपल्या विनियमांतल्या 'सावधगिरी'चा अर्थ इतक्या स्पष्टपणे कुणीतरी मराठीत लिहून प्रत्येक रुग्णवाहिकेच्या डॅशबोर्डवर चिकटवायला हवा.

भोंग्याचंही एक शास्त्र आहे. लांब हेलाचा आवाज दूरवर पोहोचतो, म्हणून तो मोकळ्या रस्त्यावर. आखूड, वेगानं वरखाली होणारा आवाज दिशा लवकर कळवतो, म्हणून तो चौकात. पण हा आवाज जिथं पोहोचायचा, तिथं काचा बंद असतात, एसी चालू असतो, गाणी लावलेली असतात. दुचाकीवाल्याच्या हेल्मेटमध्ये इअरफोन असतो. समजा 50 मीटर मागून भोंगा कानावर आला आणि रुग्णवाहिका ताशी 60 च्या वेगात आहे. ती सेकंदाला सोळा-सतरा मीटर अंतर कापते. म्हणजे ऐकून, आरशात पाहून, डावीकडं जागा शोधून, वळून कडेला होईपर्यंत आपल्याला मिळतात 3 सेकंद. आपण वाट देत नाही असं चालकाला वाटतं, तेव्हा अनेकदा आपल्याला ती आलेली कळलेलीच नसते. वेग कमी ठेवण्याचं हेही एक कारण आहे.

आणि मग येतात पाठलाग करणारे. रुग्णवाहिकेनं फोडलेल्या वाटेत मागोमाग दुचाकी आणि मोटारी घुसतात. नातेवाइकांची गाडी असते तशी अजिबात संबंध नसलेलीही असते. चौकात थांबलेल्या वाहनांना रुग्णवाहिका गेली एवढं दिसतं, ती निघतात, आणि मागून दुसरी गाडी येऊन आदळते. नातेवाइकांनी मागून येऊ नये, रुग्णालयाचा पत्ता घेऊन आपल्या वेगानं यावं, हे चालक निघताना सांगतात. ऐकणारा त्या क्षणी ऐकण्याच्या मनःस्थितीत नसतो, हे त्यांनाही ठाऊक असतं.

कडेला म्हणजे कुठल्या कडेला

फातिमानगरच्या अलीकडं आमच्यापुढं सगळ्यांत उजवीकडच्या रांगेत एक पांढरी मोटार होती. तिच्या उजव्या हाताला दुभाजक, डावीकडं रिक्षा, पुढं डंपर. चालकानं माइक हातात घेतला. "पांढरी स्विफ्ट, आहे तिथंच उजवीकडं दाबून घ्या. रिक्षावाले दादा, तुम्ही डावीकडं. हां, अजून. बस." रिक्षा आणि मोटार यांच्यात फट झाली आणि आम्ही तिथून गेलो. मोटारीतली बाई गोंधळून डावीकडं वळायच्या बेतात होती. ती वळली असती तर फट बुजली असती.

कायदा कडेला व्हायला सांगतो. दुभाजक नसलेल्या दोनपदरी रस्त्यावर याचा अर्थ सरळ आहे, डावीकडं. तीनपदरी, खच्चून भरलेल्या रस्त्यावर डावीकडं जागाच नसते. जर्मनीत वाहतूक नियमांत यासाठी ठरलेली रीत आहे. महामार्गावर गर्दी तुंबायला लागली, की रुग्णवाहिका येण्याची वाट न पाहता सगळ्यात डावीकडच्या पदरातल्या गाड्या डावीकडं आणि उरलेल्या सगळ्या पदरांतल्या उजवीकडं सरकतात. मध्ये सरळ बोळ तयार राहतो. तिथं वाहनं उजव्या बाजूनं चालतात, त्यामुळं आपल्याला हे उलटं करून घ्यावं लागेल: दुभाजकाजवळच्या पदरानं उजवीकडं दाबायचं, बाकीच्यांनी डावीकडं. बोळ कुठं होणार हे आधीच ठरलेलं असल्यानं कुणी कुणाकडं बघत बसत नाही.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर याची गरज सगळ्यांत जास्त आहे. खंडाळ्याच्या घाटात जोडून आलेल्या सुट्ट्यांच्या सकाळी गाड्या इंचाइंचानं सरकतात, आणि कडेचा पट्टा घुसखोरांनी भरलेला असतो. जून 2023 मध्ये कुणे पुलावर टँकर उलटून पेटला, तेव्हा वाहतूक थांबली. अशा वेळी आगीपर्यंत, जखमींपर्यंत जाणारी वाहनं त्याच थांबलेल्या गर्दीतून जायची असतात. आपल्यामागं लागलेली रांग हीच मदतीच्या आड येणारी भिंत असते, हे रांगेत उभं असताना लक्षात येत नाही. टोलनाक्यावरच्या पाट्यांवर एवढ्या सूचना असतात, त्यांत हा बोळ काढण्याचं एक साधं चित्र का असू नये?

पुणेकरांना हे जमत नाही असं कुणी म्हणू नये. अनंत चतुर्दशीच्या रात्री लक्ष्मी रस्त्यावर मुंगीला वाट नसते. ढोल-ताशांची पथकं, मंडळांचे रथ, खांद्यावर मुलं घेतलेली माणसं. तिथंही रुग्णवाहिका आली, की ढोल थांबतात, कार्यकर्ते हाताची साखळी करतात आणि गर्दी दुभंगून वाट देते. ती चित्रं दर वर्षी मोबाइलवर फिरतात आणि आपण भारावतो. तिथं हे साधतं, कारण पुढून हाताचे इशारे येतात, माणसं एकमेकांना सांगतात आणि प्रत्येकाला दिसतं की कुठं सरकायचं आहे. दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्यावर काचा बंद केल्या, की हे सगळे दुवे तुटतात.

बंबाची अडचण वेगळी

अग्निशमन केंद्रात विचारलं, की सिग्नलची तक्रार जवळजवळ कुणी करत नाही. बंबाच्या वाटेत येणारी गोष्ट उभी असते, चालत नसते. गल्लीच्या तोंडाशी तिरकी लावलेली मोटार, हातगाड्या, मांडव, दुकानापुढं वाढवलेली पत्र्याची शेड, खाली लोंबणाऱ्या वायरी. पुण्याच्या पेठांत, मुंबईत काळबादेवी-भुलेश्वरच्या गल्ल्यांत बंब शेवटच्या वळणावर अडतो. तिथून जवान होज खांद्यावर घेऊन पळतात. कलम 194-ई चालत्या वाहनाच्या चालकासाठी आहे. गाडी लावून घरी झोपलेल्या माणसापर्यंत ते पोहोचत नाही. त्याच्यासाठी पार्किंगचे नियम आहेत, दंड किरकोळ आणि अंमल त्याहून किरकोळ. आगीच्या रात्री तीच गाडी सर्वांत महाग पडते.

बंब चालवणंही निराळं काम आहे. साडेचार हजार लिटरच्या टाकीत साडेचार टन पाणी असतं. टाकीत आडव्या पत्र्यांचे कप्पे केलेले असले, तरी ब्रेक लावल्यावर पाणी पुढं धावतं आणि वळणावर एका अंगाला येतं. दुचाकीवाल्याला वाटतं, मोठी गाडी आहे, थांबेल. ती तेवढ्यात थांबू शकत नाही. म्हणून बंबाला वाट देताना त्याच्या पुढ्यात येऊन थबकणं हे वाट न देण्यापेक्षा वाईट. केबिनमध्ये चालकाशेजारी बसलेले अधिकारी वाटेत वायरलेसवर बोलत असतात, पत्ता, मजला, कुणी अडकलं आहे का. त्या तीन-चार मिनिटांत ते मनानं आगीशी पोहोचलेले असतात आणि रस्ता एकटा चालक बघत असतो.

भोंग्याची पत

'रिकामी असेल, चहा प्यायला चालली असेल.' सिग्नलला भोंगा ऐकून शेजारच्या मोटारीतून येणारं हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलं आहे. हा संशय हवेतून आलेला नाही. आपत्कालीन नसलेल्या कामावर भोंगा वाजतो; खासगी रुग्णवाहिका म्हणून धावणाऱ्या छोट्या व्हॅन, मृतदेह नेणाऱ्या गाड्या, रुग्ण सोडून परतणारी गाडी यांतला फरक बाहेरून कळत नाही. ज्या व्हॅनमध्ये स्ट्रेचर आणि एक सिलिंडर याखेरीज काही नाही, तिच्या छतावरही तेवढाच मोठा दिवा असतो.

मात्र रिकामी दिसणारी प्रत्येक गाडी परतणारी नसते. रुग्णाला आणायला निघालेली गाडी रिकामीच असते, आणि तिचा वेळ तर सर्वांत मोलाचा, कारण तिकडं अजून कुणीच पोहोचलेलं नसतं. राज्यात 2014 पासून चालणाऱ्या 108 सेवेत पुण्याच्या औंधमधल्या नियंत्रण कक्षातून कॉल जवळच्या गाडीला दिला जातो. 'पायलट' म्हणवला जाणारा चालक आणि डॉक्टर बेसवरून निघतात, तेव्हा मागचा भाग मोकळा असतो. खिडकीतून डोकावून आत कुणी नाही असं पाहणाऱ्याला हे कसं कळावं? तेव्हा तपासणी आपण करायची नाही, वाट द्यायची. आणि भोंग्याचा गैरवापर शोधून काढण्याचं काम ज्यांचं आहे, त्यांनी ते करायचं. 108 च्या गाड्यांना जीपीएस आहे, प्रत्येक कॉलची वेळ नोंदलेली असते. कुठल्या वेळी कुठल्या कामावर गाडी होती, ते जुळवणं अवघड नाही. खासगी गाड्यांचं असं काही बघितलं जात नाही आणि संशयाची शिक्षा सगळ्यांना मिळते.

सत्तेच्या भोंग्यानं ही पत आणखी घालवली. डिसेंबर 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं लाल दिव्याच्या गैरवापरावर कडक निकाल दिला. पुढं केंद्र सरकारनं नियम बदलले आणि 1 मे 2017 पासून मंत्री, अधिकारी, न्यायमूर्ती सगळ्यांच्या मोटारींवरचे दिवे उतरले. आपत्कालीन कामाच्या वाहनांनाच लाल, निळा, पांढरा असा बहुरंगी दिवा राहिला. हा फार चांगला निर्णय होता. पण दिव्याची हौस उतरली नाही. जुलै 2024 मध्ये पुण्यात एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या खासगी मोटारीवरच्या दिव्यावरून गदारोळ झाला, तो सगळ्यांना आठवत असेल. ती एक गाडी गाजली. नाक्यानाक्यावर 'सभापती', 'अध्यक्ष' अशा पाट्यांमागं बसवलेले भोंगे कुणी मोजत नाही. दर वेळी असा भोंगा वाजतो, तेव्हा पुढच्या खऱ्या रुग्णवाहिकेला मिळणारा एक सेकंद कमी होतो.

अमेरिकेत 2022 मध्ये आपत्कालीन वैद्यकीय सेवेतल्या अनेक संघटनांनी एकत्र निवेदन काढलं: दिवा आणि भोंगा हा एक उपचार आहे, त्याला धोके आहेत, तेव्हा जिथं त्यानं रुग्णाला खरोखर फायदा होणार असेल तिथंच तो वापरावा. आपल्या रस्त्यांची गर्दी वेगळी, आपल्याला भोंगा त्यांच्यापेक्षा जास्त लागेल. तरी पायाला प्लास्टर घालून घरी सोडायच्या रुग्णासाठी भोंगा लावू नये, एवढं तर आजही सांगता येईल.

हातानं केलेला हिरवा रस्ता

भोंग्याशिवाय वाट मोकळी होते, ती अवयवदानाच्या वेळी. हृदय शरीराबाहेर काढल्यावर चार ते सहा तासांत दुसऱ्या छातीत धडधडायला लागावं लागतं. यकृताला थोडा जास्त वेळ मिळतो, मूत्रपिंडाला त्याहून जास्त. ऑगस्ट 2015 मध्ये पुण्यातून हृदय विमानानं मुंबईला गेलं, तेव्हा दोन्ही शहरांतल्या रस्त्यांवर असा मार्ग काढला होता. त्यानंतर 'ग्रीन कॉरिडॉर' हा शब्द घरोघरी पोहोचला.

तो घडतो कसा, ते एका वाहतूक हवालदारांनी सांगितलं. रुग्णालयातले प्रत्यारोपण समन्वयक वाहतूक नियंत्रण कक्षाला कळवतात: कुठून, कुठं, अंदाजे केव्हा, गाडीचा नंबर काय. मार्ग ठरतो. वाटेवरच्या प्रत्येक चौकात माणूस उभा राहतो. सिग्नलच्या खांबाजवळ एक पत्र्याची पेटी असते, तिची किल्ली त्याच्याकडं. वायरलेसवर मागच्या चौकातून आवाज आला, 'गाडी पास', की तो पेटीतलं बटण ऑटोवरून मॅन्युअलवर घेतो, आडवा रस्ता लाल करतो, पुढचा आधी सोडून रिकामा करतो. गाडी दिसायच्या आत रस्ता मोकळा असतो. ती गेली, की पुन्हा ऑटो. एका चौकाला यात दोन-तीन मिनिटं लागतात, त्याहून जास्त नाही.

यात नवं यंत्र एकही नाही. फक्त गाडीच्या आधी तिची बातमी पोहोचते. दौंडहून आलेल्या आमच्या रुग्णाच्या आधी अशी कुठलीच बातमी पोहोचली नव्हती. त्याचं हृदय त्याच्याच छातीत होतं, म्हणून त्याला कमी घाई होती असं कुणी म्हणेल का? प्रत्येक रुग्णासाठी वीस हवालदार उभे करता येणार नाहीत, ते खरं. पण जीपीएस लावलेली गाडी कुठं आहे हे नियंत्रण कक्षाला दिसतं, आणि शहरातले नवे सिग्नल दुसऱ्या नियंत्रण कक्षातून बदलता येतात. ही दोन टेबलं एकमेकांशी बोलली, तर गंभीर रुग्णापुरता तरी पुढचा चौक आधी मोकळा करता येईल.

रेल्वेच्या फाटकावर मात्र कुठलीच सवलत चालत नाही. रेल्वेगाडीला सिग्नल दिला गेला, की फाटक त्याच्याशी जखडलेलं असतं. गेटमनच्या मनात असूनही ते उघडत नाही. तिथं उड्डाणपूल हाच उपाय. आणि नंदुरबारमध्ये, अक्कलकुवा-धडगावच्या नर्मदाकाठच्या पाड्यांवर, बाळंतीण झोळीतून डोंगर उतरते आणि तरंगत्या दवाखान्याच्या बोटीची वाट बघते. वाट देण्याचा कायदा तिच्यापर्यंत पोहोचायच्या आधी वाट पोहोचायला हवी.

अपघात झाला तर

सवलतीसोबत आलेल्या जबाबदारीचं पुढं काय होतं, हा प्रश्न चालक स्वतःहून काढतात. लाल सिग्नल ओलांडताना कुणी जखमी झालं, तर गुन्हा चालकावर नोंदवला जातो. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत बेदरकार वाहन चालवण्याचं कलम 281 आहे, हयगयीनं मृत्यू घडवल्याचं 106. दुसऱ्या कलमात पाच वर्षांपर्यंत कैद. ही कलमं रुग्णवाहिकेच्या चालकाला तशीच लागतात. आपण पुरेशी सावधगिरी बाळगली होती, हे त्याला न्यायालयात सिद्ध करत बसावं लागतं. रस्त्यावरच्या जखमीला मदत करणाऱ्या सामान्य माणसाला कलम 134-अ चं संरक्षण आहे. चालक पगारी, म्हणून त्याला ते नाही.

कायदा इथं चुकतो असं मला वाटत नाही. भोंगा लावला म्हणून कुणालाही चिरडण्याची मुभा मिळू नये. चूक आहे ती अशी, की एवढं नाजूक काम आपण ज्याच्या हाती देतो, त्याला ते शिकवत नाही. ब्रिटनमध्ये रुग्णवाहिकेच्या चालकाला भोंगा वापरण्याआधी काही आठवड्यांचं वेगळं प्रशिक्षण घ्यावं लागतं. आपल्याकडं व्यावसायिक वाहनाचं लायसन्स असलं की पुरतं. चौकात हळू व्हायचं, हे आमच्या चालकानं कुणा वर्गात शिकलेलं नव्हतं; एका ज्येष्ठ सहकाऱ्याकडून ऐकलेलं होतं. त्यांच्यापैकी बरेच जण कंत्राटी आहेत, पाळी बारा तासांची, आणि दंडाचा कागद आला तर तो आपल्या पगारातून जाईल ही भीती मनात.

कॅमेऱ्यांमुळं दंडाची भीती आता दोन्ही बाजूंना आहे. रुग्णवाहिकेच्या नंबरावर सिग्नल तोडल्याचं ई-चलान येतं आणि मालकाला फेरीचे कागद दाखवून ते रद्द करून घ्यावं लागतं. वाट देण्यासाठी थांबारेषेपलीकडं सरकलेल्या मोटारीलाही येतं. इथं एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी: लाल दिव्याची सवलत आपत्कालीन वाहनापुरतीच आहे, वाट देणाऱ्याला नाही. म्हणून भोंगा ऐकून चौकाच्या मधोमध घुसू नये; आडव्या बाजूनं येणाऱ्याला आपण का आलो ते कळत नाही आणि धडक तिथंच होते. शक्य तेवढं बाजूला दाबावं, फार तर रेषेवर हात-दोन हात सरकावं. आणि तेवढ्यासाठी चलान आलं, तर पाठवणाऱ्यानं छायाचित्राच्या आधीचे काही सेकंद बघण्याची तसदी घ्यावी. कॅमेऱ्यात मागची रुग्णवाहिका दिसतेच.

रुग्णाला आत नेल्यावर चालकानं वही काढली. निघाल्याची वेळ, पोहोचल्याची वेळ, किलोमीटर, डिझेल असे रकाने होते. कुठल्या चौकात किती वेळ गेला आणि कशानं गेला, याला रकाना नव्हता. भैरोबानाल्याला आम्ही दुहेरी लावलेल्या टेम्पोंमुळं अडलो होतो, ते कुठंच उतरलं नाही. तो रकाना छापायला कायदा बदलावा लागत नाही, निविदा काढावी लागत नाही. महिन्याच्या शेवटी शहरातल्या सगळ्या गाड्यांचे हे कागद वाहतूक शाखेच्या टेबलावर गेले, तर कुठले टेम्पो हटवायचे, कुठला दुभाजक तोडायचा आणि कुठल्या चौकात सकाळी नऊला माणूस उभा करायचा, हे त्यांना पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेला ठरवता येईल.